म्हस्कू मास्तरचे कुस्त्यांचे कागद

जत्रेतल्या कुस्त्यांची जाहिरात छापतात, निकाल कुणी छापत नाही. एवढी एक गोष्ट ज्याला कळत नाही, त्याने कुस्तीवर पुस्तक काढू नये, भिंतीवर फळ्या टांगू नयेत, आणि हातात माईक तर मुळीच घेऊ नये. पण आपल्याकडे ज्याला कळत नाही त्यालाच समितीचा अध्यक्ष करायची रीत आहे, त्याला कोण काय करणार! असो. आधी माणूस सांगतो, मग त्याच्यावर काय वेळ आणली ते सांगतो.

म्हस्कू शिरूर डेपोचा कंडक्टर. एस.टी.च्या कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात, म्हणून तो म्हस्कू मास्तर. बाप-आजा मेंढरांमागं फिरले. त्या घरातला हा पहिला सातवी पास झाला आणि सहासष्ट साली खाकी कपडे घालून शिरूर-दौंड गाडीवर चढला. न्हावरे, पारगाव, चौफुला, दौंड आणि परत. चौतीस वर्षं तीच वाट, तीच घंटीची दोरी. अंगानं काटकुळा, आयुष्यात कधी लंगोट कसला नाही. पण कुस्तीचं वेड असं, की दोन पैलवान गाडीत चढले तर ड्रायव्हरला सांगून गाडी सावकाश घ्यायला लावायचा, म्हणजे जरा जास्त बोलता येईल.

आणि गंमत बघा, ह्या माणसानं एकही मोठं मैदान डोळ्यांनी पाहिलं नाही. कसं पाहणार? चैत्र लागला की गावोगाव जत्रा, आणि जत्रेच्या दिवशी एस.टी.वाल्याला रजा कुठली? जादा गाड्या सोडायच्या असतात. सगळं जग आखाड्याकडं चाललेलं आणि हा त्यांना तिकिटं फाडून देतोय. आखाड्याच्या कडेला माणसं उतरवायची, लांबून हलगी ऐकायची आणि घंटी मारून पुढं जायचं. दरवर्षी हेच. भामाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, जेवणाची पंगत वाढायची आणि उपाशी उठायचं, असलं नशीब कुणाचं नसावं.

पण माणूस हुशार. जत्रेच्या आधी आठ-दहा दिवस पंच मंडळी जाहिरातींचे गठ्ठे गाडीवर आणून द्यायची, मास्तर, एवढं वाटेनं वाटा म्हणून. तांबडे, पिवळे, पोपटी कागद, पतंगाच्या कागदाहून जरा जाड. डोक्यावर 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान', खाली मोठ्या जोडीचे दोन गोल फोटो, वस्तादांची नावं, गावांची नावं. म्हस्कू सगळे वाटायचा आणि एक ठेवून घ्यायचा. तो एक पाठकोरा कागद घेऊन जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर चढायचा. त्या दिवशीची गाडी म्हणजे रात्रभर जागलेली, गुलालानं माखलेली, घसा बसलेली माणसं. म्हस्कू तिकीट देता देता विचारायचा: मोठी जोड काय झाली? कितव्या मिनिटाला? डाव कुठला?

आणि त्याचा नेम होता. दोन वेगळ्या गावच्या दोन माणसांनी एकच गोष्ट सांगितल्याशिवाय कागदाला पेन्सिल टेकवायची नाही. एकाच गावचे दोघं चालायचे नाहीत, कारण गाव आपल्या गड्याचं खोटं बोलतं. कधी एक साक्षीदार मिळायला तीन तीन आठवडे लागायचे. मिळाला की कागद उलटा करायचा आणि पाठीवर बारीक अक्षरात निकाल लिहायचा.

एवढ्यावर थांबला असता तरी ठीक. पण नाही. त्या पैलवानांचं पुढं काय झालं तेही त्याच पाठीवर चढत गेलं. मल्हार म्हणून कासुर्डीकडचा एक गडी होता. एका हंगामात त्यानं अकरा कुस्त्या मारल्या, बाराव्या वेळी खांदा निखळला. म्हस्कूच्या कागदावर पुढं ओळी होत्या: 'खांदा बसला नाही.' 'चौफुल्याला हॉटेलात कणीक तिंबतो, एका हातानं.' 'हॉटेल सोडलं.' 'वारला. मुलगा गाडीत भेटला, त्यानं सांगितलं.' चार ओळी, चार वेगवेगळ्या पेन्सिली, चौदा वर्षं. ज्योतिबा नावाचा दुसरा एक होता, त्याच्या एकोणीस कुस्त्यांतल्या सतरा बरोबरीत सुटल्या. लोक त्याला बरोबरीचा ज्योतिबा म्हणून हसायचे. म्हस्कूनं त्याच्या कागदामागं लिहिलं होतं: 'हसतात, पण ह्याला कुणी पाडला नाही.' सांगा, असं कुणी लिहितं का कुणाबद्दल? पेपरवाल्यानं लिहिलं? सरकारनं लिहिलं? लिहिलं ते एका कंडक्टरनं, चालत्या गाडीत, सीटच्या पाठीवर कागद टेकवून.

दोन हजार साली तो रिटायर झाला तेव्हा असे एकशे बारा कागद होते. पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाचा पाला घालून.

पुढच्या वर्षी एका गावानं नवी तालीम बांधली. गाव भीमेच्या काठचं. नाव राहू द्या, नाव घ्यावं असं त्यांनी काही केलेलं नाही. तालमीच्या समितीचा अध्यक्ष विक्रम. त्याचे वडील हौसराव, एके काळचे नावाजलेले पैलवान, पुढं सोसायटीचे चेअरमन. कुणीतरी विक्रमच्या कानावर घातलं की शिरूरला एका म्हाताऱ्याकडं जुन्या जाहिराती आहेत. झालं, जीप घेऊन चौघं दारात. आप्पा, आप्पा करत चहा प्याले. तालमीच्या हॉलमध्ये तुमचा संग्रह कायमचा लावतो, स्मरणिका काढतो, पोरांना कळू द्या जुने पैलवान कसे होते, असं विक्रम बोलला. बोलायला गोड.

म्हस्कूला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरे झालं. चौतीस वर्षांत कुणी ते कागद बघायला मागितले नव्हते. भामाबाईनं आतून बजावलं, एकदम सगळे देऊ नका, आधी पाच द्या, काय करतात बघा. त्यानं ऐकलं नाही. एक मात्र विक्रमला चार वेळा सांगितलं, की ह्याची पाठ महत्त्वाची, दोन्हीकडून काच लावा, नाहीतर आधी पाठ उतरवून घ्या. विक्रम चारही वेळा हो आप्पा म्हणाला. चार वेळा! नाही म्हणाला असता तर माणसानं कागद दिले नसते.

आणि म्हस्कूनं स्वतःच्या पायानं आणखी एक केलं. कुरकुंभला गेला आणि गेणबाला आमंत्रण देऊन आला.

गेणबा कोण, ते सांगायला हवं. गेणबा पण मेंढरं वळणाऱ्या घरातला. एकोणसत्तर साली, बावीस वर्षांचा असताना, ह्याच गावच्या जत्रेत त्यानं हौसरावांना चितपट केलं होतं. हौसरावांना, त्यांच्याच गावात, त्यांच्याच लोकांपुढं. त्या काळी ती मोठी गोष्ट होती. पुढच्याच वर्षी गेणबाचा गुडघा गेला आणि कुस्ती संपली. मग मेंढरं, मग मेंढरंही विकली, आता कुरकुंभला केमिकल कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा. कानांची भजी झालेली तेवढी शिल्लक, बाकी पैलवान म्हणून ओळखावं असं काही नाही. गेटवरच्या परप्रांती कामगारांना त्यानं कधी सांगितलं असेल की मी अमक्याला पाडलं, तर ते हसले असतील. म्हस्कूनं त्याला सांगितलं, तुझी कुस्ती भिंतीवर लागतेय, तू यायचं. गेणबानं शिफ्ट बदलून घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी म्हस्कू धुतलेलं धोतर नेसून सकाळच्या गाडीनं गेला. हॉलमध्ये शिरला आणि जागच्या जागी उभा राहिला.

प्लायवूडच्या फळ्या होत्या. फळ्यांवर कागद. खळीनं चिकटवलेले. सगळे. एकशे बाराच्या एकशे बारा. वरून प्लॅस्टिक दाबलेलं, चकचकीत. गोल फोटो नवे दिसत होते. आणि पाठ? पाठ प्लायवूडमध्ये गेली. म्हस्कूनं एका कागदाचा कोपरा नखानं उचलून पाहिला, तर कागदाचा पापुद्रा हातात आला, पेन्सिलचं अक्षर खळीत विरघळून काळसर डाग झालेला.

त्यानं विक्रमला गाठलं. काय केलंत हे, म्हणून विचारलं. विक्रमला आधी कळेचना की म्हातारा कशाबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा तो म्हणाला, "अहो आप्पा, मागं नुसतं पेन्सिलीनं कायबाय खरडलेलं व्हतं. फोटो तर पुढंच हायेत की."

कायबाय खरडलेलं! चौतीस वर्षं. दोन गावचे दोन साक्षीदार. कुणाचा खांदा, कुणाचा गुडघा, कुणाचं मरण. कायबाय. म्हस्कू ओरडणार तरी कसा! ज्याला ओरडायचं त्याच्या हातात हार, ज्याला मारायचं त्याच्या अंगावर पांढरे कपडे आणि भोवती अख्खं गाव. आणि त्याहून वाईट म्हणजे, विक्रम मुद्दाम खोटं वागला नव्हता, त्याला खरंच त्या पाठीचं काही वाटलं नव्हतं. खोट्या माणसाशी भांडता तरी येतं.

एवढ्यात कुणीतरी स्मरणिका हातात दिली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर समितीचे फोटो. आत प्रत्येक कुस्तीचा निकाल छापलेला. म्हस्कूला क्षणभर बरं वाटलं, कुणीतरी पाठ उतरवून घेतली वाटतं. मग तो वाचायला लागला. मल्हार ज्या गावात खांदा निखळून पडला होता, तिथं मल्हार विजयी. ज्योतिबाच्या सतरा बरोबरीतल्या सात कुस्त्या त्यानं जिंकलेल्या आणि दहा हरलेल्या. ज्याला कुणी पाडला नाही, त्याला ह्यांनी एका झटक्यात दहादा पाडला होता. हे काय गौडबंगाल म्हणून तो पानं उलटत गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं.

जाहिरातीत दोन नावं असतात, एक वर, एक खाली. त्याला साधा रिवाज आहे. ज्या गावची जत्रा त्या गावचा गडी वर, पाहुणा खाली; दोघंही पाहुणे असले तर जवळच्या गावचा वर. त्यात जिंकण्या-हरण्याचा काही संबंध नाही, कुस्ती तर अजून व्हायची असते! पण ह्या शहाण्यांनी वरचं नाव ते विजयी आणि खालचं नाव ते पराभूत धरलं. एकशे बारा कुस्त्या, एका बैठकीत. जे जत्रेला पाहुणे म्हणून गेले आणि परक्या मातीत जिंकून आले, ते सगळेच्या सगळे हरले. घरात बसून घरचं खाऊन लढलेले सगळे जिंकले. आणि एकोणसत्तर सालच्या पानावर हौसरावांचा मोठा फोटो, विजयी. खाली बारीक अक्षरात गेणबा, पराभूत.

गेणबाला वाचता येत नाही. तो भिंतीपाशी उभा राहून स्वतःचा बाविशीतला गोल फोटो बघत होता. बाजूच्या कुणीतरी त्याला पुस्तकातलं वाचून दाखवलं. म्हस्कूनं ते लांबून पाहिलं, आणि त्याला धावत जाऊन त्या माणसाच्या तोंडावर हात ठेवावा असं वाटलं. पण वाचून झालं होतं. गेणबा चिडला नाही. सावकाश म्हस्कूपाशी आला आणि एवढंच विचारलं, "मास्तर, तुमच्या कागदावर असंच लिवलं व्हतं का?"

म्हस्कूला धरणी दुभंगावी असं झालं. ह्या माणसाला मीच बोलावून आणला. शिफ्ट बदलायला लावून आणला, आणि आता ह्याला वाटतंय की बत्तीस वर्षं मी माझ्याजवळ हेच लिहून ठेवलं होतं. त्यानं न्हाई म्हणून सांगितलं, गळ्याची शपथ घेतली. गेणबानं मान हलवली. पण पटल्यासारखी हलवली नाही.

मग हॉललगतच्या मंडपात सत्कार. स्टेजवर मध्यभागी हौसराव, साठीचे, आता अंगानं सुटलेले, काठी मांडीशी. भाषणात कुणी त्यांना अजिंक्य म्हटलं, ते गप्प बसून होते. हो नाही, नाही नाही. म्हस्कूला शाल, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. आभाराचे दोन शब्द, एवढीच अपेक्षा.

म्हस्कूनं माईक हातात धरला तो आभाराला नाहीच. सरळ म्हणाला, भिंतीवर लावलंय ती जाहिरात आहे, पुस्तकात छापलंय ते खोटं आहे. वरचं नाव म्हणजे विजयी नव्हे. मंडपात कुजबुज सुरू झाली. विक्रम उठून अर्धा उभा राहिला. माईकवाल्याला कुणीतरी खुणावलं आणि माईक बंद पडला. पण चौतीस वर्षं भरल्या गाडीत पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत ओरडलेला गळा तो, त्याला माईक कशाला लागतोय? त्यानं माईक खुर्चीवर ठेवला आणि आवाज चढवला. एकोणसत्तर साल, ह्याच गावची जत्रा, म्हणाला. गेणबा विरुद्ध हौसराव. कुस्ती गेणबानं मारली.

आणि नेमका तिथं म्हस्कू अडखळला. डाव? डाव कुठला होता? दोन साक्षीदारांनी सांगितला होता, त्यानं स्वतः लिहिला होता. पण लिहिलं होतं म्हणूनच लक्षात ठेवलं नव्हतं. तो कागद बाजूच्या हॉलच्या भिंतीवर होता, पंधरा पावलांवर, आणि त्याची पाठ कुणालाच कधी दिसणार नव्हती. त्याचा असा संताप झाला की डोळ्यांत पाणी आलं. लोक वाट बघत होते. गप्प बसावं तर खोटा ठरतो. तो म्हणाला, घिस्सा डावावर, नवव्या मिनिटाला, चितपट.

"घिस्सा न्हाई."

आवाज स्टेजवरूनच आला. हौसराव काठीवर जोर देऊन उभे राहिले होते. कुणालाही वाटलं असतं, आता म्हाताऱ्याला खाली बसवणार. त्यांचं तोंड लाल झालेलं.

"घिश्याला माणूस खाली घ्यावा लागतो, मास्तर. मी खाली गेलोच न्हवतो. नऊ मिन्टं उभ्यानं खेळलोय. उभ्या उभ्या ढाक मारली त्यानं मला. घिश्यावर हौसरावाला जिंदगीत कुणी पाडलं न्हाई, आन् ह्या गावात कुणी तसं म्हणायचं न्हाई."

आणि बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. अजिंक्य म्हटलं तेव्हा गप्प बसता आलं होतं. पण खाली बसवून पाडलं म्हटल्यावर पैलवानाला गप्प बसवत नाही. ते उभेच राहिले. मग मंडपाच्या शेवटच्या रांगेकडं बघून हात वर केला. मागं गेणबा उभा होता. "व्हय, ढाकच व्हती," तो म्हणाला, आणि पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

टाळ्या पडल्या. पडायच्याच. लोकांना असलं आवडतं. विक्रमनं प्रसंग ओळखला, पुढं येऊन वडलांना खुर्चीवर बसवलं, माईक सुरू करवला आणि खिलाडूवृत्ती म्हणून दोन वाक्यं ठोकून दिली. पुढच्या आवृत्तीत ही दुरुस्ती करू, असंही जाहीर केलं. पुन्हा टाळ्या. गेणबाला स्टेजवर बोलावून त्याच्याही गळ्यात हार घातला. फोटो निघाले.

जेवणं सुरू झाली तेव्हा म्हस्कू पुन्हा हॉलमध्ये भिंतीपाशी जाऊन उभा होता. विक्रम त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, आता झालं ना आप्पा तुमच्या मनासारखं? चला जेवायला.

म्हस्कूनं तो हात खांद्यावरून काढला. समोर तीन कागद ओळीनं चिकटवले होते. बन्सी आणि दगडोबा. एकाच हंगामात तीन गावच्या जत्रांत त्यांची तीनदा गाठ पडली होती. दोन कुस्त्या एकानं मारल्या, एक दुसऱ्यानं, एवढं म्हस्कूला आठवत होतं. दोन कुणी आणि एक कुणी, ते आठवत नव्हतं. बन्सी मेला त्याला बारा वर्षं झाली, दगडोबा त्याच्याही आधी गेला. गाडीतले साक्षीदार कुठले कोण होते, देवाला ठाऊक. डाव चुकीचा सांगितला म्हणून उठून उभं राहायला आता कुणी नव्हतं.

"एका गेणबाचं झालं," म्हस्कू म्हणाला. "ह्यो मधला कागद बघा. ह्यात कोण जिंकलं, सांगा मला."

विक्रमनं मान पुढं काढून फळीकडं नीट पाहिलं आणि वरचं नाव वाचून दाखवलं.